बखर आणि अस्सल कागद

बंगळुरूतल्या मुलाखतींत एक प्रश्न हमखास येतो: ‘डॉकर लोड आणि डॉकर इम्पोर्ट यांत फरक काय?’ गेल्या पावसाळ्यात बेळ्ळंदूरच्या एका कार्यालयात मी टेबलाच्या अलीकडे, प्रश्न विचारणाऱ्यांत बसलो होतो. पलीकडे सोलापूरचा एक तरुण होता. त्याने उत्तर दिले, ‘लोड पूर्ण इमेज परत आणतो, तिच्या लेयरांसह आणि इतिहासासह. इम्पोर्ट फक्त टारमध्ये बांधलेली फाइलसिस्टिम घेतो आणि तिची एका लेयरची सपाट इमेज करतो.’ इथपर्यंत बिनचूक. मग त्याने एक वाक्य जोडले: ‘म्हणून इम्पोर्ट प्रॉडक्शनमध्ये वापरू नये.’ माझ्या शेजारच्या दोघांनी मान डोलावली. मीही डोलावली.

हा लेख त्या डोलावलेल्या मानेचे प्रायश्चित्त आहे.

त्या तरुणाच्या पहिल्या विधानाशी माझे भांडण नाही. भांडण आहे त्या ‘म्हणून’शी. पहिल्यातून दुसरे निष्पन्न होत नाही, तरी ते सिद्धान्तासारखे या शहरात फिरते आहे. याच शहरात २००१ साली ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद सुरू झाली आणि २००५ पासून ‘फॉस डॉट इन’ या नावाने गाजली. त्या काळी सॉफ्टवेअर म्हणजे टारबॉल. तो उतरवायचा, उलगडायचा, आत काय आहे ते वाचायचे आणि मगच बसवायचा. त्या गावात आज टार म्हटले की भुवया उंचावतात.

वाद समजण्यापुरती थोडी ओळख. डॉकर हे कंटेनर बांधण्याचे आणि चालवण्याचे साधन. कंटेनर म्हणजे स्वतंत्र संगणक नव्हे. यजमान यंत्राच्याच कर्नलवर, पण स्वतःच्या वेगळ्या फाइलींच्या संसारात चालणारी प्रक्रिया म्हणजे कंटेनर. तो संसार जिच्यात भरून ठेवलेला असतो ती इमेज. इमेज करण्याचा रूढ मार्ग म्हणजे डॉकरफाइल: पाया कोणता, पॅकेजे कोणती, फाइली कोणत्या, शेवटी कोणता प्रोग्राम सुरू करायचा, अशी ओळीओळीने लिहिलेली कृती. फाइलींत बदल करणाऱ्या प्रत्येक ओळीचा इमेजमध्ये एक थर चढतो, तो लेयर. दुसरा मार्ग आडवळणाचा समजला जातो. तयार फाइलसिस्टिम टारमध्ये, म्हणजे अनेक फाइलींच्या एका गाठोड्यात, बांधायची आणि कमांड लाइनवर एका आज्ञेने तिची इमेज करायची. डॉकरमध्ये ही आज्ञा ‘इम्पोर्ट’, त्याच जातीच्या पॉडमन या साधनातही ‘इम्पोर्ट’च.

आता पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. एक: टारमधून आलेल्या इमेजला वंशावळ नसते, ती कुणी, कशी घडवली हे कळत नाही. दोन: ती पुन्हा तशीच घडवता येत नाही. तीन: लेयर जातात, आणि त्यांच्याबरोबर साठवणुकीची व वाहतुकीची बचत जाते. चार: कोणता प्रोग्राम चालवायचा, कोणती एनव्हायर्नमेंट द्यायची, ही माहिती वाटेत गळते. पाच: जुन्या यंत्रातला केरकचरा आणि गुपिते इमेजमध्ये शिरतात.

यातला एकही आक्षेप पोरकट नाही. रात्री दोन वाजता सेवा कोलमडल्यावर ‘ही इमेज आली कुठून?’ असे विचारणाऱ्या आणि उत्तर न मिळालेल्या माणसांनी ते घेतलेले आहेत. ही मंडळी माझे सहकारी आहेत, काही तर माझे गुरू. त्यांचा अनुभव खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला आहे.

आधी एक मूलभूत प्रश्न. डॉकरफाइल स्वतः उभी कशावर असते? तिची पहिली ओळ सांगते: अमुक इमेजवरून सुरुवात करा. समजा ती डेबियनची आहे. मग डेबियनची इमेज कशावरून? तिची डॉकरफाइल अनेक वर्षे तीनच ओळींची होती: ‘स्क्रॅच’पासून, म्हणजे शून्यापासून, सुरुवात करा, मूळ फाइलसिस्टिमचा टार त्यात उलगडा, बॅश सुरू करा. अल्पाइनचेही तेच, तिथे टारला ‘मिनी रूटफाइलसिस्टिम’ म्हणतात. डॉकरच्या स्वतःच्या दस्तऐवजांत मूळ इमेज घडवण्याचा दिलेला मार्ग तरी कोणता? डिबूटस्ट्रॅपने एका डिरेक्टरीत पायाभूत प्रणाली उभारा, तिचा टार करा आणि तो पाइपमधून थेट इम्पोर्टच्या हवाली करा. इमेजच्या रचनेचे प्रमाण ठरवणारी संस्था, ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह, २०१५ साली स्थापन झाली आणि २०१७ साली तिने इमेजच्या प्रमाणाची पहिली आवृत्ती काढली. त्या प्रमाणानुसार लेयर म्हणजे काय? टार. कधी दाबून लहान केलेला, कधी तसाच, पण टारच. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत चुंबकीय फितीसाठी आलेली ही बांधणी आज प्रत्येक कंटेनरच्या मुळाशी आहे.

मग टारमधून इमेज करणे अशुद्ध ठरवणारा कुठली फांदी तोडतो आहे? ज्या फांदीवर तो बसला आहे तीच.

पहिला आक्षेप वंशावळीचा. इमेजला वंशावळ हवी, हे मान्य. पण डॉकरफाइल म्हणजेच वंशावळ, हे कुणी ठरवले? ‘पॅकेजांची यादी ताजी करा आणि अमुक पॅकेज बसवा’ ही ओळ मार्चमध्ये चालवली तर एक आवृत्ती येते, ऑगस्टमध्ये दुसरी. ओळ तीच, इमेज वेगळी. इमेजच्या इतिहासात नोंद होते ती दिलेल्या आज्ञेची. तिच्यातून काय निपजले याची नाही. शिवाय तो इतिहास म्हणजे इमेजच्या कॉन्फिगमधला, तिच्या सेटिंगांच्या फाइलीतला, निव्वळ मजकूर. लिहिणारा लिहील ते.

मराठी वाचकाला हा वाद ओळखीचा वाटावा. १८९८ साली वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, पानिपतच्या काळातली अस्सल पत्रे छापली आणि बखरींवर विसंबून इतिहास सांगणाऱ्यांना जाब विचारला. बखर घडलेल्याविषयी सांगते. अस्सल कागद घडलेल्यातूनच उरलेला असतो. इमेजचा इतिहास बखरीच्या जातीचा आहे. टार हा अस्सल कागद आहे. डेबियन किंवा उबंटूचा टार उघडा. व्हार, लिब, डीपीकेजी या वाटेने आत गेलात की ‘स्टेटस’ नावाची साधी मजकुराची फाइल सापडते. तिच्यात बसवलेल्या प्रत्येक पॅकेजचे नाव आणि नेमकी आवृत्ती असते. ट्रिव्ही किंवा सिफ्टसारखी साधने इमेजमधल्या पॅकेजांची यादी काढतात तेव्हा हीच नोंदवही वाचतात. त्यासाठी त्यांना डॉकरफाइल लागत नाही. ज्यांचा धंदाच इमेजची झडती घेण्याचा आहे, ते बखर सोडून कागदाकडे जातात. हे पुरेसे बोलके नाही काय?

यावर कुणी म्हणेल, कागदही बनावट असू शकतो. असू शकतो. म्हणून तर मराठेशाहीत पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब असे. मोर्तब ही लेखनसीमा होती. तिच्यापुढे कुणी अक्षर वाढवू नये म्हणून. टारवर हे मोर्तब शा-२५६ या डायजेस्टने, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेल्या ठशाने, होते. प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. न दाबलेल्या टारचा डायजेस्ट काढा: ६४ चिन्हांची ओळ मिळेल. मग तोच टार इम्पोर्ट करा आणि ‘इन्स्पेक्ट’ करून इमेजचा लेयर बघा. मी दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून चिन्हागणिक ताडून पाहिल्या. त्या एकच असतात. बांधलेला टार आणि इमेजमधला लेयर यांच्यात एका बाइटचाही फरक पडलेला नसतो. आता डायजेस्ट मजकूर बदलला नाही एवढेच सांगतो; कुणी लिहिला हे सांगायला सही वेगळी लागते. पण ती डॉकरफाइलमधून निघालेल्या इमेजलाही वेगळीच करावी लागते.

दुसरा आक्षेप पुनर्निर्मितीचा. याला उत्तर तर्काने देण्याआधी घटनेने देतो. ३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीचा आधार संपला. त्यानंतर लगेच तिची मिरर-यादी देणारा पत्ता बंद झाला. जुलैत आमच्या एका जुन्या सेवेची इमेज पुन्हा बांधायला घेतली. डॉकरफाइल तीच, रिपॉझिटरीतली, प्रत्येक बदलाची नोंद असलेली, आदर्श. दुसऱ्याच ओळीला गाडी अडली: पत्ता सापडत नाही. दोष सेंटओएसचा नव्हता. तारीख कित्येक वर्षे आधीपासून जाहीर होती. दोष आमच्या गृहीतकाचा होता. कृती जपली म्हणजे पदार्थ जपला, असे आम्ही धरून चाललो होतो. पॅकेजे जुन्या आवृत्त्यांच्या ‘व्हॉल्ट’मधून आणता आली, पण एक लायब्ररी तिसऱ्याच ठिकाणच्या साठ्यातून येत असे आणि तो साठा उरलाच नव्हता. सुटका कशाने झाली? एका सहकाऱ्याने जुना सर्व्हर निवृत्त करताना ‘असू द्यावा’ म्हणून काढून ठेवलेल्या टारने. त्याची इमेज करायला एक आज्ञा पुरली.

बखर तोंडपाठ होती. कामाला कागद आला.

आणि पुनर्निर्मिती टारला जमत नाही, हे तर सरळ खोटे आहे. डेबियनची अधिकृत इमेज ज्या साधनाने घडते त्याचे नावच डेबुएरियोटाइप आहे. छायाचित्रणाच्या आद्य पद्धतीवर, डॅगेरोटाइपवर केलेली कोटी. ते डेबियनच्या ‘स्नॅपशॉट’ संग्रहातून एका ठरावीक तारखेची पॅकेजे घेते आणि बाइटन्बाइट तोच टार पुन्हा देते. हे आपल्यालाही जमते. टार करताना फाइली नावाने क्रमवार लावा, वेळ ठरावीक ठेवा, मालक आणि गट क्रमांकाने नोंदवा. जीझिपला वेळ न नोंदवण्याचा पर्याय द्या. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी: इम्पोर्ट कॉन्फिगमध्ये निर्मितीची वेळ टाकतो, म्हणून तोच टार दोनदा इम्पोर्ट केला तर इमेजचा क्रमांक बदलतो. लेयरचा डायजेस्ट बदलत नाही. उलट साध्या डॉकरफाइलमध्ये तर बांधणीगणिक फाइलींच्या वेळा बदलतात आणि लेयरच वेगळा होतो. ठरावीक स्रोत आणि ठरावीक वेळ असेल तर दोन्ही मार्ग पुनर्निर्मिती देतात. नसेल तर एकही देत नाही.

तिसरा आक्षेप लेयरांचा. वीस सेवा एकाच पायावर उभ्या असतील तर पाया एकदाच साठवला जातो, एकदाच उतरवला जातो. हा लाभ खरा. पण इम्पोर्टने तो बुडतो, हे अर्धसत्य आहे. इम्पोर्ट केलेली इमेज स्वतः पाया होऊ शकते. तिच्यावर डॉकरफाइलने हवे तेवढे लेयर चढवा. वीसच्या वीस सेवा तोच पाया वाटून घेतील. लेयरांचा दुसरा गुण मात्र त्यांचे भाट सांगत नाहीत: लेयर विसरत नाही. एका पायरीत ५०० एमबीची फाइल आणली आणि पुढच्या पायरीत पुसली, तर वरच्या लेयरमध्ये तिच्या नावाने ‘पुसली’ एवढी खूण पडते. खालच्या लेयरमध्ये फाइल जशीच्या तशी राहते. कंटेनरमध्ये दिसत नाही, इमेजमध्ये असते. त्या फाइलीच्या जागी पासवर्ड असेल तर? कंटेनर एक्सपोर्ट करून परत इम्पोर्ट केला की जे दिसते तेवढेच उरते. सपाटपणा हा इथे दोष नाही, औषध आहे.

चौथा आक्षेप गळणाऱ्या माहितीचा. एक्सपोर्ट फाइलसिस्टिम देतो; एंट्रीपॉइंट, एनव्हायर्नमेंट, कामाची डिरेक्टरी, पोर्ट या गोष्टी फाइलसिस्टिममध्ये नसतातच. त्या इम्पोर्ट करतानाच ‘चेंज’ या पर्यायाने सांगता येतात, त्याही डॉकरफाइलच्याच शब्दांत. चार-पाच ओळींचे काम. ते न करता इमेज चालवली तर डॉकर म्हणतो, आज्ञा दिलेली नाही. घराच्या किल्ल्या दिल्या आणि आधी कुठली खोली उघडायची ते सांगितले नाही, तर पाहुणा विचारणारच.

या आक्षेपामागे बहुतेकदा एक घोळ असतो. सेव्ह आणि लोड ही एक जोडी, एक्सपोर्ट आणि इम्पोर्ट ही दुसरी. सेव्हने केलेली पेटी इम्पोर्टच्या हाती दिली तर तो कुरकुरत नाही. पेटीतले मॅनिफेस्ट आणि लेयरच फाइलसिस्टिम समजून त्यांची इमेज बांधतो. चालवायला जावे तर आत शेलसुद्धा सापडत नाही. पेटीतले कपडे घालायचे सोडून पेटीच अंगात घालावी, तसा हा प्रकार. मी तो स्वतः केला आहे आणि अर्धी दुपार इम्पोर्टला शिव्या देण्यात घालवली आहे. ज्याची चूक त्यालाच ती दाखवायला हवी.

पाचवा आक्षेप सगळ्यांत वजनदार, म्हणून शेवटी घेतला. चालत्या सर्व्हरचा टार म्हणजे त्याचा सगळा संसार: एसएसएचच्या खासगी किल्ल्या, पासवर्डांची छायाफाइल, मशीन-आयडी, लॉग, रूटने टाइप केलेल्या आज्ञांचा इतिहास. हे जसेच्या तसे रजिस्ट्रीत ढकलणे हा गुन्हा आहे. यात दुमत नाही. पण हा दोष टारचा आहे काय? ‘इथले सगळे कॉपी करा’ ही ओळ डॉकरफाइलमध्ये रोज लिहिली जाते, आणि डॉकरइग्नोर विसरला की गिटचा सगळा इतिहास आणि एनव्हायर्नमेंटची गुपिते इमेजमध्ये जातात. निष्काळजीपणाला मार्ग कुठलाही चालतो.

उलट टारपाशी एक सोय आहे जिची कुणी आठवण काढत नाही. तो इम्पोर्ट करण्याआधी वाचता येतो. टारमध्ये प्रत्येक फाइलीपुढे ५१२ बाइटांचा मथळा असतो: १०० बाइट नावाला, ८ परवानग्यांना, ८ मालकाच्या क्रमांकाला, ८ गटाच्या, १२ आकाराला, १२ शेवटच्या बदलाच्या वेळेला, आकडे अष्टमान पद्धतीत. काहीही न चालवता, काहीही न उलगडता, यादीच्या एका आज्ञेने ही सगळी खानेसुमारी पडद्यावर येते. नको ते दिसले की वगळून टार पुन्हा करायचा. एकाच फाइलसिस्टिमपुरते राहण्याचा पर्याय दिला तर प्रॉक आणि सिस ही कर्नलची मायावी दालने येत नाहीत. फाइलींना दिलेले विशेष अधिकार हवे असतील तर विस्तारित गुणधर्म जपायला सांगायचे. ही शिस्त आहे, आणि ती शिकवता येते.

विजय मिळवण्यापुरते सत्य दडवणे हे खंडनाच्या धर्माला सोडून होईल, म्हणून मर्यादाही सांगतो. रोज बदलणारे ॲप्लिकेशन असेल तर डॉकरफाइलच योग्य. प्रत्येक बदलाला टार करत बसणे वेडेपणा. कंटेनर एक्सपोर्ट करताना व्हॉल्यूममधला मजकूर येत नाही. तो वेगळा जपावा लागतो. कंटेनर स्वतःचा कर्नल आणत नाही. सेंटओएस ६ च्या काळातला संसार नव्या यजमानावर काही वेळा ‘व्हीसिस्कॉल’ची जुनी सोय चालू केल्याशिवाय उभाच राहत नाही. आणि आधार संपलेल्या प्रणालीतल्या सुरक्षेच्या भेगा इम्पोर्टने बुजत नाहीत. अशी इमेज उघड्या इंटरनेटसमोर उभी करू नये. पण यातले काय ‘इम्पोर्ट वापरू नये’ हे सिद्ध करते? यातून एवढेच निघते की तो कुठे वापरावा हे ठरवायला डोके लागते. ते तर डॉकरफाइललाही लागते.

पुरावा वाचकांपुढे आहे. निवाडा त्यांनी करावा. माझ्यापुरता मी केला. आता मुलाखतीत मी फरक विचारत नाही. उमेदवारापुढे लॅपटॉप सरकवतो आणि म्हणतो, ‘हा एक टार आहे. चालवू नका. आत काय आहे ते सांगा.’ बहुतेक जण आधी डॉकरफाइल शोधतात. परवा एका मुलीने यादी काढली, गप्प बसून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि रूटच्या घरातल्या आज्ञांच्या इतिहासाच्या फाइलीवर बोट ठेवले.

‘सर, इमेज नंतर करू,’ ती म्हणाली. ‘आधी हे सांगा, हे यंत्र कुणाचं होतं?’